ब्रिटनला निघताय? पेग विसरा, युनिट मोजा

तुमचे तीन प्रश्न होते: लीड्सला गेल्यावर बाटलीवर दिसणारं 'युनिट' म्हणजे काय, तिथला 'सिंगल' म्हणजे आपला स्मॉल का, आणि एक बिअर घेऊन गाडी चालवता येते का.

युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात ते साधारण ८ ग्रॅम भरतं. हिशेब सोपा आहे: मिली गुणिले टक्के, भागिले १०००. तोंडी करायचा तर एका लिटरमध्ये जितके टक्के, तितकी युनिटं. ४० टक्क्यांची ७० सीएलची, म्हणजे ७०० मिलीची बाटली २८ युनिटांची. तिथल्या सरकारी वैद्यकीय सल्लागारांनी २०१६ पासून बाई-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. म्हणजे ही एक बाटली एकट्याला दोन आठवडे.

आता पेग. आपला स्मॉल ३० मिली, लार्ज ६०, आणि देशी व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची. लार्ज झाला सुमारे २.६ युनिट. तिकडचा सिंगल २५ मिली, काही पबमध्ये ३५. कुठलं माप आहे याची पाटी लावलेली असते, ती वाचा. ४० टक्क्यांचा २५ मिली म्हणजे बरोबर १ युनिट. त्यामुळे २५ च्या मापाचा डबलसुद्धा आपल्या लार्जपेक्षा लहानच, ३५ च्या मापाचा डबल मात्र ७० मिली, म्हणजे लार्जपेक्षा मोठा. फसगत होते ती घरी, अंदाजाने ओतताना. नेहमीच्या ग्लासात सवयीने ओतता तितकं पाणी ओता आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. पाण्याचे ५५ ग्रॅम म्हणजे ५५ मिली. 'स्मॉलच तर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

जुना घोळ 'प्रूफ'चा. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्क्यांशेजारी ७५ डिग्री प्रूफ छापलेलं दिसतं, ते जुन्या ब्रिटिश मोजणीचं, ज्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. खुद्द ब्रिटनने ती मोजणी १९८० मध्ये सोडली. अमेरिकन प्रूफ वेगळंच, टक्क्यांच्या दुप्पट. विमानतळावर घेतलेल्या बाटलीवरचा ८० प्रूफ म्हणूनच ४० टक्के. प्रूफकडे बघूच नका, टक्के वाचा. मोबाइलमधलं अमेरिकन अ‍ॅपही इथे उपयोगाचं नाही: त्यांचं एक 'ड्रिंक' १४ ग्रॅमचं, म्हणजे पावणेदोन युनिटांचं.

बिअर पाइंटमध्ये मिळते, ५६८ मिली. ४ टक्क्यांची पाइंट २.३ युनिट, ५.२ टक्क्यांची जवळजवळ ३. नाव तेच असलं तरी टक्के बदललेले असू शकतात: ऑगस्ट २०२३ पासून कर टक्क्यांवर बसतो आणि ३.५ च्या खाली सवलत आहे, म्हणून काही बिअर ३.४ वर आल्या. याउलट आपली ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली ५.२ युनिटांची. वाइनचा मोठा ग्लास २५० मिली, १३.५ टक्क्यांना तो ३.४ युनिटांचा, आणि 'एकच ग्लास' म्हणून बहुतेक माणसं इथेच चुकतात. पार्टीत अर्धा ग्लास रिकामा होताच यजमान पुन्हा भरतो, मग तर मोजणी संपलीच.

गाडीचं. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ५०, भारतात ३०. इंग्लंडचा आकडा मोठा दिसतो म्हणून खूश होऊ नका. युनिटांवरून रक्तातलं प्रमाण काढता येत नाही. वजन, बाई की पुरुष, पोटात काय आहे, यावर ते बदलतं. म्हणून चालवायचं असेल तर शून्य. मर्यादा ओलांडून चालवताना दोषी ठरलात तर किमान १२ महिने लायसन्स जातं, आणि पुढे व्हिसाच्या अर्जात तो गुन्हा सांगावा लागतो.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तर लोक धरतच नाहीत. शरीर तासाला साधारण एक युनिट जाळतं. रात्री बाराला अंगात ९ युनिटं असतील, तर सकाळी सातला ऑफिसला निघताना दोन अजून शिल्लक. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेच तो वेग वाढत नाही. त्या दिवशी बसने जा.