‘घरातलं थोडंफार’ म्हणजे नक्की किती?

“कामाच्या अटी लिहिलेला कागद मागितला तर मॅडमना वाटेल हिचा विश्वास नाही, आणि आहे ते कामही जाईल.” बाळ सांभाळणाऱ्या अनेक जणींची ही भीती असते. ठाण्यातल्या एका ताईंचीही होती. त्यांची बोली अशी ठरली होती: आठ महिन्यांचं बाळ, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, पगार १५,६०० रुपये, ‘आणि घरातलं थोडंफार’. चार महिन्यांत या थोड्याफारात दोन वेळची भांडी आली, सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या आल्या. लोकल रखडली की ६ चे साडेसात होत.

विषय पगारावरून काढला की समोरचा माणूस सावध होतो, म्हणून आम्ही तो बाळावरून काढायला सांगितलं. बाळ आता धरून उभं राहतं आणि भांडी घासताना पाठ त्याच्याकडे असते. हे आईला लगेच पटलं.

मग कागदावर ‘थोडंफार’च्या जागी कामांची नावं आली. बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, बाटल्या उकळणं, खेळणी आवरणं. भांडी-केर नाही.

खरा घोळ खाड्यांचा असतो. कापायचं असलं की पगाराला २६ ने (रविवार सोडून महिन्याचे दिवस) भागतात, जादा दिवसाचे द्यायचे असले की ३० ने. इथे २६ ने ६०० रुपये येतात आणि ३० ने ५२०. म्हणजे दर दिवसामागे ८० रुपयांचा फरक. दोन्हीकडे २६ च, असं लिहून घेतलं. दिवसाचे १० तास, म्हणून तासाला ६० रुपये. ६ नंतरच्या तासाला दुप्पट, १२०. कुटुंब गावाला गेलं तर तो खाडा नाही, पगार चालू. हे वाक्य बहुतेक कागदांत राहून जातं आणि मे महिन्यात भांडण होतं.

बाकीचं दोन-दोन ओळींत: रविवार सुट्टी, पगार ५ तारखेच्या आत खात्यावर, उचल घेतली तर महिन्याला किती वळती होणार, काम सोडताना किंवा सोडवताना दोघांकडून एक महिन्याची सूचना. आईवडिलांनी मात्रा लिहून दिल्याशिवाय औषध द्यायचं नाही. कॅमेरे कुठे आहेत ते आधी सांगायचं. आधारची प्रत द्यावी, मूळ कार्ड कधीच नाही.

साध्या कागदावर, दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या. ताईंना वाचायला अडचण होती, म्हणून सहीआधी त्यांच्या मुलीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच बैठकीत मॅडमकडून कामाचा दाखलाही घ्यायला सांगितला होता. २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करताना तो लागतो.

दिवाळीच्या बोनसवर मात्र अडलं. ताईंना पूर्ण पगार हवा होता, मॅडम अर्ध्यावर होत्या. शेवटी पहिल्या वर्षी अर्धा आणि पुढच्या वर्षापासून पूर्ण, असं ठरलं आणि तेही शाईने लिहिलं गेलं.