भोवरा फिरतो की सरकतो?

प्रश्न असा आहे: ‘अतिसंवाहक पातळ थरात चुंबकीय भोवरे फिरल्यामुळे ऊर्जेचा नाश होतो’ असे वाक्य अनुवादात केले आहे. भोवरा म्हणावे की आवर्त? आणि ‘ऊर्जेचा नाश’ चालेल का?

भोवराच ठेवावा. आवर्त शब्द जुना आणि चांगला आहे, पण आवर्त सारणी, आवर्ती दशांश, तालाचे आवर्तन यांमुळे त्याला ‘पुन्हापुन्हा येणे’ हा अर्थ घट्ट चिकटला आहे. इथे, म्हणजे अतिसंवाहकात (पुरेसा थंड केल्यावर ज्यातून वीज विनारोध वाहते अशा पदार्थात), विद्युतप्रवाह एका गाभ्याभोवती गरगरतो. पाण्यातल्या अशा गरगरीला मराठीत भोवराच म्हणतात.

‘चुंबकीय’ हे विशेषण मात्र काढावे. लोह-निकेलच्या पातळ चकत्यांमध्ये चुंबकनाची दिशाच वर्तुळाकार वळते, आणि चुंबकीय भोवरा हे नाव त्या वेगळ्या घटनेला हवे आहे. अतिसंवाहकातल्या भोवऱ्याच्या गाभ्यातून चुंबकीय अभिवाहाचा (म्हणजे आरपार जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राचा) एक ठरावीक पुंजका जातो, म्हणून ‘अभिवाह-भोवरा’ म्हणावे. काही जण ‘अभिवाह-नलिका’ म्हणतात. जाड नमुन्यात ते चालते, पातळ थरात नाही. थराची जाडी चुंबकीय क्षेत्राच्या प्रवेश-खोलीपेक्षा (क्षेत्र अतिसंवाहकात जेवढे आत शिरते त्या अंतरापेक्षा) बरीच कमी असली की प्रवाह आडवा दूरवर पसरतो, हे भौतिकशास्त्रज्ञ पर्ल यांनी १९६४ मध्ये दाखवले. प्रवेश-खोली २०० नॅनोमीटर आणि जाडी १० नॅनोमीटर धरली, तर हा पसारा ८ मायक्रोमीटर भरतो, म्हणजे जाडीच्या आठशे पट. याला नलिका कसे म्हणणार?

पण या वाक्यातली मोठी चूक नामात नाही, क्रियापदात आहे. भोवरे ‘फिरल्यामुळे’ ऊर्जा खर्च होत नाही. गाभ्याभोवतीचा प्रवाह हा अतिप्रवाह असतो, तो विनारोध चालतो. भोवरा जागच्या जागी असेल तर तो कितीही काळ तसाच राहो, स्थिर प्रवाहाला रोध होत नाही. खर्च सुरू होतो तो भोवरा जागा सोडतो तेव्हा. अंगणातला लाकडी भोवरा जागेवर गरगरणे वेगळे आणि गरगरत कडेला जाणे वेगळे. इथे सगळा हिशेब त्या दुसऱ्या हालचालीचा आहे.

बाहेरून थरात विद्युतप्रवाह सोडला की तो भोवऱ्यांना आपल्या दिशेशी काटकोनात ढकलतो. भोवरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे निघाले की त्यांच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही सरकते आणि त्यातून प्रवाहाच्या दिशेने विद्युत क्षेत्र निर्माण होते. गाभ्यात अतिसंवाहकता मोडलेली असते, तिथले साधे इलेक्ट्रॉन या क्षेत्राने हलतात, अडखळतात आणि पदार्थ तापतो. बार्डीन आणि स्टीफन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचे गणित मांडले. त्यानुसार हा रोध ढोबळमानाने साध्या (अतिसंवाहक नसलेल्या) अवस्थेतल्या रोधाचा तेवढाच अंश असतो, जेवढा थराचा भाग गाभ्यांनी व्यापला आहे. म्हणून ‘सरकणे’ हेच क्रियापद हवे. ‘भोवऱ्याची गती’ हाही प्रयोग टाळावा, कारण गती म्हटले की वाचक फिरण्याचा वेग समजतो.

आता ‘नाश’. शाळेच्या पुस्तकात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या वाचकापुढे ऊर्जेचा नाश किंवा ऊर्जाक्षय लिहिणे मला पटत नाही. ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते, नाहीशी होत नाही. ‘ऊर्जाव्यय’ नेमका आहे: आय-व्ययातला व्यय, म्हणजे आपल्या हातून गेले, पण कुठेतरी जमा झाले. अपव्यय नको, त्यात दोष देण्याचा सूर येतो.

आणखी एक शब्द तुम्हाला पुढे लागेलच. भोवरे सरकू नयेत म्हणून थरात मुद्दाम दोष, सूक्ष्म भोके किंवा परक्या पदार्थाचे कण ठेवतात. गाभा तिथे बसला की त्याला हलायला जास्त जोर लागतो. याला ‘खिळणे’ म्हणावे: भोवरा दोषाशी खिळला, खिळून राहिला, सुटला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोलिब्डेनम-जर्मेनियमच्या ज्या थरांत भोवऱ्यांची जाळी (त्यांची नियमित मांडणी) वितळताना, म्हणजे विस्कटताना, अभ्यासली, त्यांत हे खिळणे फार दुबळे असते. म्हणूनच तिथे भोवऱ्यांचे आपापसातले वागणे स्वच्छ दिसते.

तुमचे वाक्य मी असे करीन: ‘अतिसंवाहक पातळ थरात अभिवाह-भोवरे सरकू लागले की ऊर्जाव्यय होतो.’