वॉल्वमॅनच्या डोक्यातला नकाशा इथे चालत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सिव्हिलची डिग्री, मग चार वर्षं ठेकेदाराकडे ड्रेनेज, नर्मदेच्या पाण्याच्या लाईनी आणि शेवटी एबी रोडवर बीआरटीएस, म्हणजे बसचा राखीव मार्ग, उखडून काढायचं काम. कॅनडातल्या ऑंटारिओचा पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हाताशी आलाय. तर ‘दादा, हा अनुभव तिकडे कुणी विचारतं का, की पुन्हा श्रीगणेशा?’

विचारतात रे, फक्त तोंडी सांगितलेलं चालत नाही. माझंच ऐक. रामबागेतल्या एका गल्लीत आम्हाला ड्रेनेज टाकायचं होतं. नकाशा कुणाकडेच नाही, म्हणून नळाचं पाणी सोडणाऱ्या वॉल्वमॅनला बोलावलं. त्याने चपलेच्या टाचेने रेघ ओढली, "साब, लाइन इधर से है, आप उधर खोदो." जेसीबीचा दुसराच घास आणि पाणी वर! टाच हातभर चुकली होती. त्यात नळ येण्याचा दिवस. समोरच्या आजी बादली घेऊन बाहेर आल्या, "मेल्यांनो, जलूदहून विंध्य चढून इथवर आलं आणि आता दारातून वाहून चाललं!" नर्मदेचं पाणी, सत्तर किलोमीटरवरून येणारं, तेही एक दिवसाआड. आजींचं काय चुकलं?

इथल्या पहिल्या मुलाखतीत मी हा किस्सा रंगवून सांगितला. समोरच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "दुरुस्तीनंतर त्या लाईनची जागा आणि खोली कुठे नोंदवलीत?" नोंदवली असती तर ना! ती नोकरी काही मिळाली नाही.

इथे कुदळ मारण्याआधी ‘ऑंटारिओ वन कॉल’ला कळवावं लागतं. फुकट आहे, आणि कायद्याने सक्तीचं. कामाचे पाच दिवस धरायचे, मग ज्याची त्याची माणसं येऊन रस्त्यावर रंग मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी टेलिफोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज. सुरुवातीला मला सगळा रस्ता रंगपंचमीतून उठल्यासारखा दिसायचा. पण रंग म्हणजे अंदाजच. खात्री हवी तर व्हॅक्यूमच्या ट्रकने माती ओढून पाइप उघडा करतात, त्याची लेव्हल (उंची) घेतात आणि ड्रॉइंगवर चढवतात. नुसत्या जुन्या कागदावरून काढलेली रेघ सगळ्यात खालच्या, ‘डी’ दर्जाची. उघडून मोजलेली ‘ए’. आपल्या वॉल्वमॅनची टाच ‘डी’च्याही खाली बसेल. तरी माझा त्याच्यावर राग नाही, त्याला कुणी कधी नकाशा दिलाच नव्हता.

तुझं काम नव्वद टक्के तेच राहील, आकडे तेवढे बदलतील. जमीन गोठते म्हणून पाण्याची लाईन सुमारे १.८ मीटर खाली. पाणी आणि ड्रेनेज यांच्यात आडवं अंतर २.५ मीटर, ते मिळत नसेल तर पाण्याची लाईन वर आणि मधे निदान अर्धा मीटर. (रामबागेत अडीच मीटर आणायचे कुठून, भिंती सरकवून?) प्रांताची ठरीव स्पेसिफिकेशन्स आणि ड्रॉइंग नेटवर फुकट मिळतात, ओपीएसएस आणि ओपीएसडी. निघण्याआधी मॅनहोल, कर्ब आणि ट्रेंच बेडिंगची पानं डोळ्यांखालून घाल. सिव्हिल थ्रीडी हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येत नसेल तर आजपासून बस.

बीआरटीएस ‘काढलं’ हे बायोडेटात लिहायची तुला लाज वाटते म्हणतोस. का? २०१३ साली सुरू झालेला सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग, आणि तो चालत्या एबी रोडवर काढायचा! रहदारी कुठून वळवली, रेलिंग रात्री उचललं की दिवसा, रस्ता ओलांडणाऱ्यांची सोय काय केली, ते लिही. इथे ‘ऑंटारिओ ट्रॅफिक मॅन्युअल’चं सातवं पुस्तक पूर्ण याच विषयावर आहे.

आता इंजिनिअरचं लायसन्स. पीआरसाठी केलेलं डिग्रीचं मूल्यांकन इथे उपयोगी पडत नाही, ती दोन वेगळी दारं आहेत. पी.इंज., म्हणजे हे लायसन्सवाला इंजिनिअर, होईपर्यंत स्वतःला ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणवता येत नाही. लायसन्सवाल्याच्या हाताखाली काम मात्र करता येतं. अनुभव ४८ महिन्यांचा लागतो. त्यातला काही कॅनडातलाच हवा ही अट २०२३ च्या मे महिन्यात गेली, म्हणजे तुझी इंदूरची चार वर्षं धरली जाऊ शकतात. पण कशी? ३४ क्षमता असतात, प्रत्येकीखाली स्वतःच्या कामातला एक प्रसंग लिहायचा आणि तो प्रसंग माहीत असलेल्या माणसाने दुजोरा द्यायचा. शिवाय तांत्रिक परीक्षेची तयारी ठेव, आणि कायदा-नीतीची ११० प्रश्नांची एनपीपीई ही परीक्षा. ही दुसरी सोपी वाटते, पण नुसतं पाठांतर करून बसलास तर फसशील.

म्हणून राजीनाम्याआधी तुझ्या सीनियरसाहेबांना भेट, त्यांचा खासगी ईमेल घे. ऑफिसचा बदलीबरोबर जातो. परवानगी मागून लेव्हल बुकची पानं, मोजमाप पुस्तिका, टेस्टिंगचे रिपोर्ट यांच्या प्रती घे. ‘साइट सांभाळली’ असं लिहू नकोस. कुठल्या चेंबरला काय इन्व्हर्ट (पाइपच्या आतल्या तळाची लेव्हल) आली आणि ती चुकल्यावर तू काय केलंस, ते लिही.

एक सवय तिकडेच सोडून ये. पहिल्याच आठवड्यात मी दोन मीटरच्या ट्रेंचमध्ये टेप घेऊन उडी मारली, आपण मारतो तशीच. फोरमनने ओरडून वर काढलं आणि दिवसभर गाडीत बसवून ठेवलं. १.२ मीटरहून खोल खड्ड्याला आधार नसेल तर आत पाय घालायचा नाही. आणि सेफ्टी बूट सियागंज बाजारातून घेऊ नकोस, इथे सीएसए या कॅनडाच्या मानकाचा हिरवा त्रिकोण नसलेला बूट गेटवरूनच परत पाठवतात.