७ शुभ, १३ अशुभ: आकड्यांना हे अर्थ कुठून आले आणि अंकशास्त्रात तथ्य किती?

सातचा मान आकाशातून आला असावा, असं मला वाटतं. ताऱ्यांमधून जागा बदलताना नुसत्या डोळ्यांना सहज दिसतात ते सातच: सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. आठवड्याच्या वारांना नावंही यांचीच. शिवाय अमावास्येपासून अर्धा चंद्र दिसेपर्यंत साधारण सातच दिवस जातात.

तेराची भीती मात्र सार्वत्रिक नाही. इटलीत १७ अशुभ मानतात, १३ उलट चांगला.

अंकशास्त्रात सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो नऊ. ९ × ७ = ६३, आणि ६ + ३ पुन्हा ९! नऊच्या पाढ्यात कुठेही बघा, बेरीज फिरून नऊवरच येते. यामागचं कारण खरंच सुंदर आहे: आपण दहाच्या पटीत मोजतो आणि नऊ दहापेक्षा एकने कमी. आठच्या पटीत मोजत असतो, तर हाच मान सातला मिळाला असता.

लोककथांमधले आकडे मनापासून वाचावेत, त्यात माणसांचं आकाशाकडे बघणं साठलंय. पण जन्मतारखेच्या बेरजेवरून लग्न किंवा नोकरी ठरवू नका. कॅलेंडर बदललं की तारीख बदलते, आणि तुमचा तो ‘अंक’सुद्धा.