रोप खेचला की मागे फिरता येत नाही – कॅनियनिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कॉलेजचे पाच मित्रमैत्रिणी, तिघं बे एरियात, एक फिनिक्सला आणि एक पुण्याहून येतेय. ऑगस्टच्या शेवटी यूटाला झायन नॅशनल पार्कमध्ये जायचं आणि सबवे नावाची अरुंद घळ वरून खाली दोराने उतरायची (यालाच कॅनियनिंग म्हणतात) असं ग्रुपवर ठरलंय. पुण्याची मैत्रीण सह्याद्रीत भरपूर फिरलीय, सांदण दरीही केलीय, पण तिला पोहता येत नाही. एकजण म्हणतो लाइफ जॅकेट घालू तिला, होऊन जाईल. खरंच होईल का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : तुमच्या प्लॅनमध्ये मला दोन गोष्टी खटकतायत, एक पोहण्याची आणि दुसरी ऑगस्टची, आणि दुसरी जास्त खटकतेय.

आधी पोहण्याचं. सबवे वरून करताना रॅपल, म्हणजे रोप (दोर) लावून उतरायचे कडे, छोटेच आहेत, सह्याद्रीतल्या मुलीला त्याची भीती नाही वाटणार, पण मधे मधे असे डोह आहेत की दोन्ही बाजूला सरळ भिंत, कडेने जायला जागा नाही, पोहूनच पलीकडे जायचं. आणि पाणी असं की जिथे ऊन पोचतच नाही, म्हणजे बाहेर चाळीस डिग्री असताना आत हुडहुडी भरते, म्हणून वेटसूट घालतात. लाइफ जॅकेट तरंगवतं हे खरं, पण गार पाण्यात पडल्या पडल्या जी धाप लागते आणि माणूस घाबरतो त्याला जॅकेट काय करणार? शिवाय सकाळपासून रात्रीपर्यंत लांबू शकणारा दिवस आहे, साधारण पंधरा किलोमीटर, शेवटी थकलेले असताना उभा चढ. आणि मुख्य म्हणजे पहिला रॅपल करून रोप खाली खेचून घेतला ना, की मागे फिरायची वाट बंद. ट्रेकमध्ये आपण म्हणतो नाही जमत, चला परत, तसं इथे म्हणताच येत नाही, पुढचा प्रत्येक डोह पार करावाच लागतो. त्यामुळे तिने "बघू तिथे गेल्यावर" म्हणून निघायचंच नाही. आणि कृपा करून तिच्यावर ग्रुपचं प्रेशर आणू नका, मित्रांसमोर नाही म्हणणं कठीण असतं, त्यामुळे तुमच्यातल्याच कुणीतरी तिच्या वतीने नाही म्हणा.

याला एक मस्त पर्याय आहे. सबवे खालूनही करता येतो. त्यालाही परमिट लागतं, पण रोप नाही, दगडांवरून आणि पाण्यातून चालत वर जायचं, तो गोल बोगद्यासारखा भाग बघायचा (ज्यासाठी सगळे जातात तोच भाग) आणि आल्या वाटेने परत. तिथे कुठूनही मागे वळता येतं. पाचही जण एकत्र जाल, मजा तीच.

आता ऑगस्ट. यूटामध्ये जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांचा मान्सून असतो, आपल्यासारखी झड नाही, दुपारी ढग जमतात आणि एखाद्या ठिकाणी धो धो कोसळतात. सगळीकडे उघडा खडक, माती नावाला, पाणी मुरायला जागाच नाही, सगळं घळीकडे धावतं. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असू शकतं आणि पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडलेला असतो, ऑगस्ट 1997 मध्ये ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक असेच पुरात दगावले. आणि 14 सप्टेंबर 2015 ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण पुरात दगावले. कीहोल ही छोटी घळ आहे, सरावलेल्या लोकांसाठी दोन-तीन तासांची. ते नियमाने परमिट घेऊन गेले होते, पूर येण्याची शक्यता मोठी आहे हे त्यांना सकाळीच सांगितलेलं होतं. त्या दुपारी झायनमधल्या व्हर्जिन नदीचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला 55 घनफुटांवरून 2,630 वर गेला. पंधरा मिनिटं म्हणजे एका रॅपलवर सात माणसं उतरायलाही पुरत नाहीत हो. ही गोष्ट मी घाबरवायला सांगत नाहीये, परमिट मिळालं म्हणजे आज जाणं सुरक्षित आहे असं कुणी सर्टिफिकेट दिलेलं नसतं एवढंच मनापासून सांगायचंय, तो निर्णय तुमचाच असतो आणि तो वर, घळीच्या तोंडाशी, रोप खेचायच्या आधी घ्यायचा असतो.

म्हणून ट्रिप सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ढकला. पुण्याच्या मैत्रिणीचं तिकीट बदलणार नसेल तर ऑगस्टमध्ये या, पण घळी सोडून बाकीचं झायन बघा, ते काही कमी नाहीये.

प्रश्न : आमचा नाशिकचा ग्रुप आहे, पावसाळ्यात वॉटरफॉल रॅपलिंग करतो, पुढच्या वर्षी यूटाला जायचं स्वप्न आहे. आमचाच गियर चालेल का? आणि वाळूच्या दगडात बोल्ट कसा बसतो?
– एक ट्रेकर, नाशिक

उत्तर : हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर चालतील. रोप मात्र बघून घ्या, क्लायंबिंगचा ताणणारा डायनॅमिक नको, स्टॅटिक हवा, आठ-नऊ मिलीमीटरचा घेतात बहुतेक लोक. वाळूने रोप झिजतो, डिसेंडर (उतरताना रोपवर वेग आवरणारं साधन) तर बघता बघता घासला जातो, त्यामुळे जुना रोप "अजून एक सीझन" म्हणून नेऊ नका.

अँकरची, म्हणजे रोप ज्याला बांधतात त्या आधाराची, गोष्ट जरा वेगळी आहे. आपला बसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, टणक. तिकडचा नवाहो सँडस्टोन म्हणजे जुरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या दगड झालेल्या, भिंतींवर तिरक्या रेघा दिसतात ना त्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या. सुंदर दिसतो पण मऊ, आणि ओला झाला की आणखी कमजोर. काही घळींत बोल्ट आहेत, पण बऱ्याच ठिकाणी झाडाला, अडकलेल्या मोठ्या दगडाला किंवा वाळूत पुरलेल्या दगडाला वेबिंग (चपटा मजबूत पट्टा) गुंडाळून अँकर करतात. आधीच्या ग्रुपने ठेवलेली वेबिंग दिसली तर खुश होऊन लगेच लटकू नका. उन्हाने रंग उडालाय का, मागच्या बाजूने कुरतडलीय का, गाठ नीट आहे का, हात फिरवून बघा, शंका आली की कापून स्वतःची बांधा आणि जुनी सोबत घेऊन या. रोप खेचताना दगडावर खाचा पडतात, रॅपल रिंग (रोप ओवायची कडी) कड्याच्या पुढे येईल इतकी वेबिंग लांब ठेवली तर त्या पडत नाहीत.

अजून एक, तिकडे घळीला ग्रेड असते, उदाहरणार्थ सबवे 3बी III. पहिला आकडा 1 ते 4, रोपचं काम किती अवघड ते. मधलं अक्षर पाण्याचं, ए म्हणजे कोरडी किंवा अगदी थोडं पाणी, बी म्हणजे पोहावं लागेल पण प्रवाह नाही, सी म्हणजे वाहतं पाणी. शेवटचा रोमन आकडा वेळेचा. तुम्ही धबधब्यातले लोक आहात, तुम्हाला बी सोपं वाटेल, पण तिथे कीपर पॉटहोल नावाचा प्रकार असतो, खडकातला गुळगुळीत रांजण, पाणी कमी असलं की काठ हाताला लागत नाही आणि आत पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. एकमेकांच्या खांद्यावर चढून बाहेर काढायची टेक्निक शिकावी लागते. आपल्याकडे याचा सराव फारसा होत नाही, तेव्हा पहिला दिवस तिकडच्या अनुभवी माणसाबरोबर शिकण्यात घालवा. झायनमध्ये कमर्शियल गाइडला घळीत न्यायला परवानगी नाही, ते ट्रेनिंग पार्कबाहेरच्या घळींत होतं हे लक्षात ठेवून दिवस धरा.

प्रश्न : आईबाबा नगरहून आमच्याकडे येतायत, बाबा सत्तरचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना एखादी तरी स्लॉट कॅनियन (खूप अरुंद, खोल घळ) आतून दाखवायचीय.
– एक वाचक, फिनिक्स

उत्तर : नक्की दाखवा! अपर अँटिलोपला आतली वाट सपाट, वाळूची आहे. लोअरला उभे लोखंडी जिने आहेत, आईंना तिकडे नेऊ नका. दोन्ही नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहेत, त्यांच्या गाइडशिवाय जाता येत नाही, बुक करतानाच परतीच्या वाटेवर पायऱ्या किती ते विचारून घ्या. झायनला गेलात तर शटलने टेंपल ऑफ सिनावावापर्यंत जा, तिथून नदीकाठी साधारण दीड किलोमीटरचा पक्का रस्ता आहे, आई काठावर बसेल आणि बाबांना वाटलं तर काठी घेऊन चार पावलं पाण्यात जातील. पुढे नॅरोज, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायची अरुंद घळ, सुरू होतं. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांच्या वर गेला तर नॅरोज बंद करतात, त्यामुळे आदल्या दिवशी बघून घ्या.

प्रश्न : घळीतलं पाणी फिल्टर करून प्यायलं तर चालतं ना? उगाच वजन कशाला?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : झायनमध्ये नको. 2020 पासून तिथल्या ओढ्यांमध्ये विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत आणि ते विष साध्या फिल्टरने जाईलच असं नाही. माणशी चार लिटरच्या आसपास घरूनच घ्या. वजन होतं, मान्य, पण दोन जेवणाचे डबे कमी करा, पाणी नको. डोकं पाण्याखाली घालणंही टाळा.

प्रश्न : तिकडे फोनला रेंज नसते म्हणतात, मग घरच्यांना काय सांगून जायचं? माझी बायको फार काळजी करते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : सगळं सांगून जायचं. एप्रिल 2003 मध्ये ॲरन राल्स्टन यूटाच्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटा गेला, कुठे चाललोय हे कुणालाच सांगितलं नव्हतं, दगडाखाली हात अडकला आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून सुटला. शोधायला येणार कोण, कुणाला माहीतच नव्हतं. तुम्ही घळीचं नाव, कुठून आत आणि कुठून बाहेर, कोणकोण आहे, गाडीचा नंबर आणि कुठे लावलीय, एवढं लिहून द्या. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, तो घ्याच, पण अरुंद घळीत आभाळ दिसत नाही तिथे तोही अडतो, त्यामुळे चिठ्ठी हवीच. बायको पुण्यात असेल तर अमेरिकेतल्या एखाद्या मित्रालाही तीच चिठ्ठी द्या, कारण पुण्यातून 911 (अमेरिकेचा आपत्कालीन नंबर) लागत नाही. आणि परतायची वेळ सांगताना दोन-तीन तास जास्तच सांगा, कारण घळीत उशीर होतोच आणि उगाच घरी जीव टांगणीला लागतो. ती वेळ उलटली की मात्र त्या मित्राने वाट न बघता फोन करायचा, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.