'लेक मंगो': समीक्षक खूश, प्रेक्षक वैतागलेले

प्रश्न असा आहे की, समीक्षक ज्या 'लेक मंगो' या चित्रपटाला डोक्यावर घेतात तो बघताना दीड तासात जेमतेम एकदा दचकायला झालं, मग चुकलं कोणाचं? माझ्या मते, दारावर लावलेल्या 'भयपट' या पाटीचं. (पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत. बघायचा असेल तर इथेच थांबा.)

जोएल अँडरसनचा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट २००८चा. अमेरिकेत तो जानेवारी २०१०मध्ये एका भयपट महोत्सवाच्या गठ्ठ्यातून आला. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' हा भूतपट नुकताच गाजला होता, त्यामुळे लोक दारं आपटण्याच्या अपेक्षेने बसले. समोर काय, तर अरारट गावातलं पामर कुटुंब सोफ्यावर बसून, बुडून गेलेल्या सोळा वर्षांच्या अ‍ॅलिसबद्दल बोलतंय. खोटा माहितीपटच तो. संवाद लिहिलेले नव्हते, नटांनी ते आयत्या वेळी रचले. म्हणून ती माणसं अडखळतात, नको तिथे हसतात. समीक्षकांना भावलं ते हेच.

प्रेक्षक खरे बिथरतात ते मध्यावर. अ‍ॅलिसच्या भुताचे म्हणून दाखवलेले फोटो तिच्या भावानेच, मॅथ्यूने, बनवले होते हे उघड होतं आणि 'फसवलं!' अशी ओरड होते. मला तीच जागा सर्वात करुण वाटते. आईने, जूनने, मुलीचा मृतदेह पाहिलेलाच नाही. तिला काहीतरी दिसायला हवं होतं, पोराने ते दाखवलं. मृतदेह ओळखून परतताना गाडी फक्त रिव्हर्समध्येच चालते, म्हणून ही माणसं घरापर्यंत उलटी येतात. असा प्रसंग ठरवून सुचत नाही.

उणिवा आहेतच. शेजारच्या टूही जोडप्याने अ‍ॅलिसला शरीरसंबंधांत ओढल्याचा धागा इतका भयंकर, पण ते गाव सोडून जातात आणि विषय संपतो. त्यावर नाराज झालेल्यांशी मी वाद घालणार नाही.

पण शेवट बघा. अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या एका माणसासमोर, संमोहनात जून सांगते, मी अ‍ॅलिसच्या खोलीत गेले, तिथे कोणी नाही. त्यालाच जोडून, काही महिन्यांपूर्वी त्याच माणसासमोर बसलेली जिवंत अ‍ॅलिस सांगते, आई खोलीत आली, पण मी तिला दिसलेच नाही. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं ताटकळत उभी राहतात, काय राहिलं असेल ते आठवून शब्द देतात. पामर कुटुंबाला वाटतं, कावळा शिवला. ती निवांत मनाने घर सोडतात.

तुम्ही बहुतेक श्रेयनामावली सुरू होताच उठलात. तिथे आधीचीच दृश्यं पुन्हा येतात. आपण ज्या कोपऱ्याकडे पाहत होतो तिथे नाही, दुसऱ्याच कोपऱ्यात अ‍ॅलिस उभी असते. खोटे फोटो घेतले जात होते तेव्हासुद्धा.