रजेवर आहे, रिकामी नाही

मानसिक आजारासाठी रजा घेतलेल्यांची पत्रं या महिन्यात इतकी आली, की बाकीचे विषय बाजूला ठेवले. माझ्या साताऱ्यातल्या दवाखान्यात पूर्वी लोक म्हणायचे, "डॉक्टर, सर्टिफिकेटवर पाठदुखी लिहा." आता किमान खरं कारण लिहून रजा घेणारे भेटू लागलेत. मात्र रजा मिळाल्यावर ती कशी काढायची, हे त्यांना कुणी सांगत नाही.

प्रश्न : मी एका बँकेत आहे. नैराश्याचं निदान झालं, डॉक्टरांनी सहा आठवड्यांची रजा सांगितली. चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "घरीच आहेस तर स्वयंपाकाच्या मावशींना महिनाभर नको म्हणू." आता डबे, मुलाचा अभ्यास, सासऱ्यांची पथ्यं, सिलेंडरवाला, सगळं माझ्याकडे आलंय. तिसरा आठवडा सुरू आहे आणि काउंटरवर बसून दमायचे त्यापेक्षा जास्त दमतेय. नवरा म्हणतो, कामात असलं की मन रमतं. तेही पटतं. काय करू? (शाहूपुरी, सातारा)

आधी स्वयंपाकाच्या मावशींना फोन करा. उद्यापासून या म्हणावं. हे पत्र पुढे वाचण्याआधी केलंत तरी चालेल.

आता यजमानांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते खोडून काढायला अवघड जातं. नैराश्यात माणूस हुरूप यायची वाट बघत बसतो आणि हुरूप काही येत नाही. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं. त्याचं सार असं, की आधी छोटीशी कृती करायची, हुरूप तिच्यामागून येतो. आज ही नैराश्यावरची मान्यताप्राप्त उपचारपद्धत आहे. पण त्यातली कृती रुग्णाने निवडलेली असते, ती कुठेतरी संपते आणि संपल्यावर हाताला काहीतरी लागतं. तुमच्या घरातलं काम यातल्या एकाही अटीत बसत नाही. दुपारची भांडी होतात तोवर चहाची पडतात.

एक वही करा. मुलाची अर्धी राहिलेली जुनी वही चालेल. आठवडाभर जे कराल त्याच्यापुढे दोन आकडे लिहा, ० ते १० मधले. पहिला, किती बरं वाटलं. दुसरा, 'जमलं बुवा' असं किती वाटलं. सगळ्यांसाठी पोळ्या केल्या त्यापुढे ० आणि २ आले, तर लाज वाटून घेऊ नका. देव्हाऱ्यातली समई चिंचेने घासली त्यापुढे ५ आणि ७ आले, तर तसंच लिहा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या वह्यांत हे आकडे नेहमी गंमत करतात. मोठ्या, कौतुकाच्या कामांना भोपळा मिळतो आणि कुंडीतली माती उकरण्याला सात. आठवड्याने वही उघडून बघा. ज्यांना बरे आकडे मिळालेत त्यांतली दोन कामं रोजची करा. मुलाचा अभ्यास त्यात असेल तर ठेवा, नसेल तर तो बाबांकडे जाऊ दे.

बाकी दिवसाला फार बांधणी नको. उठायची वेळ रोज एकच. आठच्या आत अर्धा तास बाहेर, उन्हात. खिंडीतल्या गणपतीपर्यंत जा नाहीतर गोडोलीच्या तळ्याकाठी, पण एकट्या जा आणि येताना भाजी आणू नका. भाजी आणली की तो फेरा घरकामाच्या खात्यात जमा होतो. दुपारी आडवं व्हायचं तर वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत.

राहिल्या सासूबाई. त्या दुष्ट आहेत असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. त्यांना नैराश्य हा शब्द कळत नसेल, पण सव्वा महिना कळतो. बाळंतिणीला सव्वा महिना गार पाण्यात हात घालू देत नाहीत, जड उचलू देत नाहीत. ती बाहेरून ठणठणीत दिसते म्हणून कुणी तिला धुणं धुवायला बसवत नाही. सहा आठवडे म्हणजे सव्वा महिन्याहून चार दिवस जास्त. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडू द्या. सुनेचं ऐकायचं नाही, पण डॉक्टरांचं ऐकायचं, अशी आपल्याकडे पुष्कळ घरं आहेत. त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे. बर्नआऊट झाला, म्हणजे कामाने पार थकून गेलो, म्हणून दोन महिने रजा घेऊन कोरेगाव तालुक्यात गावी आलोय. येताना यादी केली होती : एक ऑनलाइन कोर्स, बारा पुस्तकं, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी. तीन आठवड्यांत एक पुस्तक निम्मं झालं. शेताला लाईट रात्रीची असते तेव्हा वडिलांबरोबर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, दिवसा झोपतो. ऑफिसचा ग्रुप अधूनमधून बघतो. रजा वाया चाललीय असं वाटतं.

तुम्ही ऑफिसातून सुट्टी घेतलीत आणि टार्गेट बरोबर घेऊन आलात. यादी फाडा. मॅरेथॉनचा तो यवतेश्वरचा चढ पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

रात्रीची दारं मात्र आजपासून बंद. वडील एकटे पडतील हे मला समजतं. गड्याची सोय लावा, चुलतभावाला विचारा. झोपेचं घड्याळ उलटं फिरलं की मनाची कोणतीही दुखणी बरी व्हायला वेळ लागतो, गोळ्या चालू असोत वा नसोत. दिवसाची शेती खुशाल करा. घेवड्याची भांगलण, म्हणजे तण काढणं, हे तुमच्यासाठी औषधासारखं काम आहे. सरी डोळ्यांसमोर संपते, मागे वळून बघितलं की काय केलं ते दिसतं. तुमच्या नोकरीत हे शेवटचं कधी झालं होतं? सकाळचे दोन तास पुरेत. बांधावरच्या गप्पा त्यात धरा.

ग्रुप 'अधूनमधून' बघणं असं काही नसतं. एका सहकाऱ्याला सांगून ठेवा, की अगदीच अडलं तर फोन कर, आणि रजा संपेपर्यंत ग्रुपमधून बाहेर पडा. फोन येणार नाही. तेही थोडं बोचेल, पण सहन करा.

एक कागदी बाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआऊट हा कामाशी निगडित अनुभव म्हणून नोंदला आहे, आजार म्हणून नव्हे. त्यामुळे तुमच्या सर्टिफिकेटवर नेमकं काय निदान लिहिलंय ते बघून घ्या. बर्नआऊटच्या नावाखाली नैराश्य किंवा चिंतेचा आजार दडलेला असू शकतो, आणि त्याचे उपचार फक्त गावाच्या हवेने होत नाहीत.

प्रश्न : एमआयडीसीत कारखान्यात आहे. चिंतेच्या आजारामुळे ईएसआयची (कामगार विमा योजनेची) रजा चालू आहे. रविवारी मित्र कासला घेऊन गेले, फोटो स्टेटसला ठेवला. सुपरवायझरचा मेसेज आला, "आजारी माणूस फुलं बघत हिंडतो होय?" माझं चुकलं का? आणि पैसे कमी पडतात म्हणून भावाचा टेम्पो महिनाभर चालवला तर चालेल का?

फुलं बघितलीत ते उत्तम केलंत. चिंतेच्या आजारात माणूस गर्दी, प्रवास, घाट सगळंच टाळायला लागतो आणि टाळत गेला की भीती वाढते. मित्रांबरोबर कासला जाऊन येणं हे तुमच्या बरं होण्याचं लक्षण आहे. स्टेटस मात्र रजेपुरतं बंद ठेवा. गुन्हा म्हणून नव्हे. सुपरवायझरला उत्तर काय द्यायचं, याच्या विचारात जो आठवडा गेला तो वाचला असता.

ईएसआयची अट लक्षात ठेवा. आजारपणाचा लाभ घेताना उपचार चालू असले पाहिजेत, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही आणि उपचार चालू आहेत तो भाग परवानगीशिवाय सोडायचा नाही. कास पंचवीसेक किलोमीटरवर आहे, त्याची काळजी नको. चार दिवस कोकणात जायचं असेल तर आधी ईएसआयच्या डॉक्टरांना विचारा.

टेम्पो नको. तुम्हाला पगाराच्या सुमारे ७० टक्के लाभ, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, मिळतो तो काम करता येत नाही म्हणून. दुसरीकडे काम करताना सापडलात तर तो जाईल. त्यातून चिंतेच्या काही गोळ्यांनी झापड येते आणि तुम्ही घाटात गाडी घालणार. भावाला उसने मागा.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झाली. नैराश्यासाठी रजेवर आहे. गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले, पण दिवसभर खोलीत मोबाईल घेऊन पडून असतो. मी रोज म्हणतो, सज्जनगडावर जाऊन येऊ, प्रसन्न वाटेल. ऐकत नाही. (वाई)

दहा दिवसांत गोळ्यांचा हिशेब मागू नका. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहाही लागतात. बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच बंदही करू नका. हे मी प्रत्येक पत्राला लिहितो.

आज त्याला दारापर्यंत येणं जड जातंय आणि तुम्ही गडाच्या पायऱ्या दाखवताय. खाली या. "पेपर आणायला निघालोय, येतोस?" एवढंच, एकदाच. नाही म्हणाला तर निघा आणि वाटेत मनातल्या मनातही बोलू नका. उद्या परत विचारा. मोबाईल ओढून घेऊ नका, पण रात्री साडेदहानंतर तो दिवाणखान्यात चार्जिंगला लागेल असं ठरवा. तुमचाही.

एका गोष्टीत मात्र थांबून चालणार नाही. "माझं तुम्हाला ओझं झालंय" असं तो म्हणू लागला, आवडत्या वस्तू देऊन टाकू लागला, तर थेट विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते न मिळाले तर सिव्हिल हॉस्पिटलला न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो तुम्हीही लावू शकता, फक्त मुलासाठीच असं नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचंय. गाव लहान, सर्टिफिकेटवरचं निदान सगळ्यांना कळलं असेल या विचाराने झोप लागत नाही. लोकांनी विचारलं तर काय सांगू? (जावळी तालुका)

"बरं नव्हतं, आता बरं आहे." याहून एक शब्द जास्त कुणाचं देणं लागत नाही. आरशासमोर चार वेळा म्हणा. तोंडात बसलेलं वाक्य वेळेला सापडतं. लगेच पुढे त्यांच्या भाताचं काय झालं ते विचारा.

तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कार्यालयातले कागद मात्र चार हातांतून जातात, म्हणून रुजू होतानाचं फिटनेस सर्टिफिकेट बंद पाकिटात, पोच घेऊन द्या. ते न्यायला विसरू नका, त्याशिवाय वैद्यकीय रजेवरून रुजू करून घेत नाहीत. रजेचा हिशेबही तपासा : वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि दाखल्यावर तिची परिवर्तित रजा करून घेतली तर निम्मे दिवस पूर्ण पगार मिळतो.

उरलेले पंधरा दिवस सरावाचे. आजपासून शाळेच्या वेळेला उठा, अंघोळ करा, कपडे करून बसा. पुढच्या आठवड्यात एकदा शाळेच्या रस्त्याने फाटकापर्यंत जाऊन या, रविवारी, कुणी नसताना. नंतर एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला घरी चहाला बोलवा. शाळेत काय चाललंय ते त्याच्याकडून कळलं की मनातल्या निम्म्या गोष्टी तिथल्या तिथे गळून पडतील. आणि जमलं तर रुजू व्हायचा दिवस सोमवार धरू नका, गुरुवार धरा. गुरुवार, शुक्रवार, शनिवारची सकाळची शाळा, की लगेच रविवार.